चौतीस नव्हे, त्रेचाळीस

गाडी आली तेव्हा मी बीजगणिताचे पेपर तपासत होते. पहाटेचे साडेपाच. त्या दिवसांत साडेपाचला मी काहीही करत असायचे, कारण झोप अशी उरलीच नव्हती. दहावीच्या बॅचचे बावीस पेपर होते आणि चूक दाखवून झाली की तेच गणित दुसऱ्या रीतीने सोडवून मी पुरवणी जोडत होते. एका मुलाला तीन पुरवण्या. पस्तीस मार्क पडले होते बिचाऱ्याला.

दादा दारात येऊन म्हणाला, "चल, लिथियमची लेव्हल करून येऊ. गाडी आलीये."

"लॅब आठला उघडते," मी म्हणाले.

त्यावर तो काही बोलला नाही. त्याच्या मागे दोन माणसं होती, नर्सच्या कपड्यातली एक मुलगी होती आणि खाली इंजिन चालूच होतं. मी लाल पेनाला टोपण लावलं, हे नीट आठवतं. पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतं. दंडाला धरलेला हात. "ताई, सहकार्य करा." कमरेत इंजेक्शन. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पदर तोंडाशी धरून उभी असलेली आई. गाडीत बसले तेव्हा चप्पल एकाच पायात होती.

आता आधी त्यांची बाजू सांगते, कारण ती खोटी नव्हती. मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी बेफाम वर जातं (मेनिया), कधी खोल खाली (डिप्रेशन). सत्ताविसाव्या वर्षी निदान झालं, त्याला सोळा वर्षं झाली. लिथियमच्या गोळ्यांवर मी छान चालते, रक्तातली त्याची लेव्हल तेवढी तपासत राहावी लागते. साताऱ्यात घरीच क्लास घेते, दोन बॅच, वर्षाला पन्नासेक मुलं. त्या उन्हाळ्यात अण्णा गेले. तेराव्यापर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं, माझी खोली मावश्यांना दिलेली, गोळ्यांचा डबा कुठल्या पिशवीत गेला ते मलाच माहीत नाही. आठ-दहा दिवस गोळी चुकली. मग झोप गेली. मग मला सुचायला लागलं. तळमजल्यावर मुलींसाठी अभ्यासिका काढायची म्हणून मी माझी एफडी मोडून १,८०,००० रुपये काढले आणि सुताराला अर्धे देऊनही टाकले. रात्री एक वाजता स्कूटी काढून अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला जाऊन आले. नातेवाइकांना रात्री-अपरात्री फोन केले. वहिनीशी भांडताना तांब्या फेकला. भिंतीला लागला. पुतणी तिथून चार फुटांवर होती.

म्हणजे मी आजारी होते. हे मी पुढेही सांगणार आहे, कारण या सगळ्या प्रकरणात माझ्यावर सगळ्यात जास्त दबाव आला तो हेच लपवण्याचा.

रुग्णालय खाजगी, घरापासून दोन तासांवर. नाव लिहीत नाही. पहिले तीन दिवस मी झोपेतच होते आणि खरं सांगायचं तर ती झोप मला हवी होती. ती त्यांनीच दिली, हे नाकारत नाही. चौथ्या दिवशी डोकं जरा वर आलं तेव्हा कळलं की आपण बायकांच्या वॉर्डात आहोत, दाराला बाहेरून कडी आहे, मोबाइल नाही, पेन नाही आणि पहिले पंधरा दिवस कुणाला भेटू देत नाहीत. मी मावशींना विचारलं, मी घरी कधी जाणार. मावशी म्हणजे वॉर्डातल्या आया. त्या म्हणाल्या, "सर ठरवतील. तुम्ही खाऊन घ्या." सिस्टरना विचारलं. त्याही म्हणाल्या, "सर ठरवतील." सर राउंडला आले, चाळिशीचे, सभ्य. म्हणाले, "झोप चांगली लागतेय ना? गुड." आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मी सिस्टरकडून कागद-पेन मागून घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तीन ओळी लिहिल्या: मला घरी जायचे आहे, उपचार मी माझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेईन, मला सोडावे. खाली सही, तारीख, वेळ. वर म्हटलं, पोच द्या. सिस्टर हसल्या. वाईट हसल्या नाहीत, लहान मुलाने दुकानदाराला खोटी नोट दिल्यावर दुकानदार हसतो तसं हसल्या. कागद मात्र त्यांनी फाइलमध्ये लावला. त्या हसऱ्या सिस्टरचे उपकार आहेत माझ्यावर, कारण पुढे सगळं त्याच कागदावर उभं राहिलं.

आठव्या दिवशी मला ईसीजीला खाली नेलं. रिसेप्शनच्या भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर होतं आणि त्याच्या खालून एका पाटीचं टोक दिसत होतं. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, पत्ता, दूरध्वनी. मी त्या पाटीकडे बघत उभी राहिले. मंडळ म्हणजे काय, ते काय करतं, मला काही माहीत नव्हतं. सोळा वर्षं आजार सांभाळतेय, लिथियमची लेव्हल, थायरॉइड, किडनी, सगळं वहीत तारखेनिशी लिहून ठेवते, पण ज्या कायद्याखाली मला कोंडता येतं तो कायदा मी कधी उघडून बघितला नव्हता. नंबर मात्र पाठ केला. लिहायला काही नव्हतं, पण गणिताच्या बाईंना नंबर पाठ करायला पेन लागत नाही. पहिले तीन आकडे मिळून एक वर्गसंख्या होत होती, शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज मधल्या आकड्याएवढी. वर येईपर्यंत पक्का झाला.

त्या संध्याकाळी सिस्टरच्या टेबलाशी जाऊन मी म्हटलं, मला या नंबरवर फोन करायचाय. नंबर म्हणूनही दाखवला. त्या म्हणाल्या, सरांना विचारते. सरांना विचारलं की नाही, देव जाणे. आज मला माहीत आहे की ती पाटी लावणं, दाखल करणं बरोबर होतं का ते तपासणाऱ्या त्या मंडळाकडे अर्ज करायचा फॉर्म देणं आणि मंडळाला फोन करायला फुकट फोन देणं हे रुग्णालयाला कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा मला वाटलं, आपण फारच मोठी मागणी केली.

सुटकेची सुरुवात मात्र त्या नंबरने झाली नाही. शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती, चार महिन्यांची बाळंतीण. बाळाला कुणी तरी बदललंय असं तिला वाटायचं, आता ते गेलं होतं. नवव्या दिवशी तिची सासू न्यायला येणार होती. मोबाइलच्या जमान्यात कुणाचा नंबर पाठ असतो? मला एकच पाठ होता, माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीच्या झेरॉक्सच्या दुकानाचा, कारण क्लासच्या नोट्सच्या प्रत्येक बिलावर तो छापलेला असतो. त्या मुलीकडून दहा वेळा म्हणून घेतला. सांगितलं, "एवढंच सांग. मी कुठे आहे ते, आणि वकील बघ म्हणावं." मुलगी गाडीत बसायच्या आधीच सासूच्या फोनवरून बोलली, हे मला नंतर कळलं. तिचं नाव मी इथे लिहू शकत नाही. लिहावंसं फार वाटतं.

मैत्रिणीचं दुकान कोर्टाजवळ. वीस वर्षं तिने लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सातबारे झेरॉक्स केलेत, त्यामुळे कुठला कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा हे तिला वकिलांपेक्षा चांगलं कळतं. दहाव्या दिवशी ती गेटवर आली. भेट नाही म्हणून परत पाठवली. तिने तिथूनच १५१०० ला, म्हणजे विधी सेवेच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी त्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणात जाऊन बसली. तिथे तिला पहिल्यांदा कळलं की बाईमाणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ती म्हणते, "अगं, मी पाच हजार काढून नेले होते पर्समधून. परत घेऊन आले."

बाराव्या दिवशी वकीलबाई आल्या. पॅनेलवरची तरुण मुलगी, तिशीची असेल नसेल. गेटवाल्याने अडवलं तेव्हा तिने कायद्याचं पुस्तकच उघडून दाखवलं, पेशंटच्या वकिलाला भेट नाकारता येत नाही. माझ्यासमोर बसल्यावर मात्र म्हणाली, "मॅडम, खरं सांगते, अशी केस मी कधी केलेली नाही. काल रात्री अ‍ॅक्ट वाचला." मला ती तिथेच आवडली.

तिने फाइल मागून वाचली. मी समोर बसून तिचा चेहरा वाचत होते. मग ती म्हणाली, "पहिले चार दिवस तुम्ही स्वखुशीने आला आहात."

"काय?"

तिने कागद फिरवला. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, कलम ८६. इंडिपेंडंट पेशंट. म्हणजे आपल्या पायाने आलेला, आपल्या मर्जीने राहणारा. खाली माझी सही. सही माझीच होती. माझं पहिलं अक्षर, माझी शेवटची शेपटी, पण पूर्ण सही उताराला लागलेली, ओळ सोडून खाली घसरत कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. इंजेक्शननंतर कधी तरी हात धरून घेतलेली असणार. मला ती केल्याचं आठवत नाही.

यातली मेख वकीलबाईंनी समजावली. माणसाला मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर कलम ८९ लागतं, त्याला सगळे सपोर्टेड अ‍ॅडमिशन म्हणतात. त्याला अटी आहेत. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक, अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं. माणसाने स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायचा अलीकडे प्रयत्न केलेला हवा, धमकी दिलेली हवी, दुसऱ्याला त्याची भीती वाटलेली हवी, नाहीतर स्वतःची काळजी घेणं स्वतःला इजा होण्याइतकं सुटलेलं हवं. दाखल करण्याहून सौम्य इलाज उरलेला नाही, हेही लिहून द्यावं लागतं. तीस दिवसांची मर्यादा आहे. आणि बाई असेल तर तीन दिवसांच्या आत मंडळाला कळवावं लागतं. स्वखुशीच्या पेशंटचं कुणालाच कळवावं लागत नाही. ज्याला कुलूप लावायचंय त्याला कागदावर पाहुणा म्हणून लिहिलं की बाकीचे प्रश्नच मिटतात.

फक्त स्वखुशीच्या पेशंटने "सोडा" म्हटलं की सोडावं लागतं. फार तर चोवीस तास थांबवता येतं, तेही ८९ मध्ये बसतो का हे तपासण्यापुरतं. मी चौथ्या दिवशी ते तीन ओळींचं पत्र दिलं. पाचव्या दिवशीच्या तारखेने फाइलमध्ये दोन तपासणी अहवाल आणि दादाच्या सहीचा अर्ज लागला होता. मी पाहुणीची कैदी झाले होते आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं.

"दादाला हा अधिकार कुणी दिला?" मी विचारलं.

"तुम्ही," ती म्हणाली. आपला प्रतिनिधी कोण हे आपण आधी लिहून ठेवलं नसेल तर कायदा नातेवाइकाला प्रतिनिधी धरतो. लिहून ठेवायला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोटरी लागत नाही. साध्या कागदावर नाव आणि सही, आणि त्या माणसाची लेखी संमती. केव्हाही बदलता येतं. सोळा वर्षांत मी एक साधा कागद लिहिला नव्हता. तो मी तिथेच लिहिला, करमणुकीच्या तासाला आम्हाला देत त्या चित्रकलेच्या वहीचं पान फाडून. मागे माझंच अर्धवट रंगवलेलं कमळ होतं. प्रतिनिधी म्हणून झेरॉक्सवाल्या मैत्रिणीचं नाव. मंडळाच्या फाइलमध्ये ते कमळ अजून असेल.

हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी याचिका, करायची का, यावरही बोलणं झालं. दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१८ चा एक निकाल तिने वाचला होता. एका सज्ञान मुलीला आईवडिलांच्या सांगण्यावरून तिच्या संगीतशिक्षिकेच्या घरातून उचलून मनोरुग्णालयात नेलं होतं, आणि कोर्टाने ते बेकायदा ठरवलं. पण मुंबईला जाणं, तारीख मिळणं, यात आठवडा तर जाणारच. मंडळाकडे अर्जाला फी नाही आणि कलम ८९ खाली दाखल करण्याला आव्हान दिलं तर सात दिवसांत निकाल द्यावा लागतो. पटलं नाही तर तीस दिवसांत हायकोर्टात अपील आहेच. आम्ही मंडळाकडे जायचं ठरवलं. अर्ज त्याच दिवशी गेला. मैत्रिणीने आवक क्रमांक घातलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही.

तिथेच तिला आणखी एक गोष्ट दिसली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चौकशीला गेली, तर रुग्णालयाकडून मला दाखल केल्याची सूचना नुकतीच आलेली. आवक तारीख तेराव्या दिवसाची. म्हणजे आमच्या अर्जानंतरची. तीन दिवसांत कळवायचं ते आठ दिवसांनी कळवलं होतं.

सुनावणी अठराव्या दिवशी. मधल्या पाच दिवसांत मी काय केलं? वागायची तालीम केली. हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. जास्त बोलले तर मेनिया, कमी बोलले तर डिप्रेशन. रडले तर अस्थिर, नाही रडले तर भावना बोथट. राउंडला सरांच्या प्रश्नाला किती शब्दांत उत्तर द्यायचं ते मी मोजायला लागले. बारा ते पंधरा शब्द बरे पडतात, असं माझं मत झालं. शिवाय हात थरथरत होते. लिथियम वाढवल्यावर तसं होतं, पण बघणाऱ्याला भीती वाटतेय असं दिसतं.

वकीलबाईंनी आदल्या दिवशी एक सल्ला दिला. "आजार आहे हे आपण होऊन सांगू नका. पुरावा त्यांनी द्यायचा." कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेल. मला रात्रभर पटेना.

जिल्हा रुग्णालयाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक खोली होती. लांब टेबल, प्लास्टिकचा टेबलक्लॉथ, पाण्याच्या बाटल्या. अध्यक्षस्थानी निवृत्त जिल्हा न्यायाधीश, वयस्क बाई, कानामागे चष्म्याची दोरी. एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर, जिल्हाधिकाऱ्यांचे प्रतिनिधी, आणि एक गृहस्थ ज्यांचा स्वतःचा मुलगा आजारी आहे, काळजीवाहकांच्या जागेवर. बाहेरच्यांना प्रवेश नाही. रुग्णालयाकडून सर आले होते. दादाही होता. आम्ही अठरा दिवसांनी एकमेकांना बघत होतो. त्याची दाढी वाढली होती. अण्णांच्या वेळेस उतरवलेली, नंतर बहुधा केलीच नसावी.

सरांनी सांगितलं ते सगळं खरं होतं. पैसे, स्कूटी, फोन, तांब्या. दाखल केलं तेव्हा लिथियमची लेव्हल ०.३ होती, निदान ०.६ तरी हवी. त्यांनी ती वर आणली. ते म्हणाले, "आम्ही पेशंटच्या भल्याचंच केलं," आणि मला वाटतं त्यांचा त्यावर विश्वास होता.

मग वकीलबाईंनी ते दोन अहवाल पुढे ठेवले. आदल्या दिवशी त्यांच्या झेरॉक्स मला मिळाल्या होत्या आणि पाच मिनिटांत मला त्यात काय आहे ते दिसलं होतं. तिने मलाच बोलायला सांगितलं. मी म्हणाले, "मॅडम, मी एकवीस वर्षं पेपर तपासते. दोन मुलांची उत्तरं सारखी आली तर मी कॉपी म्हणत नाही, बरोबर उत्तर सारखंच येणार. पण दोघांची चूक सारखी आली की मग मी दोघांना उभं करते. पहिल्या डॉक्टरांनी माझं वय चौतीस लिहिलंय. माझं वय त्रेचाळीस आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी मला स्वतंत्र तपासलं म्हणतात. त्यांनीही चौतीस लिहिलंय. त्या दुसऱ्या डॉक्टरांना मी आजवर पाहिलेलं नाही."

शब्द पंधरापेक्षा फार जास्त झाले होते. अध्यक्षबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले, मग मानसोपचारतज्ज्ञ सदस्यांकडे सरकवले. ते सरांना म्हणाले, "डॉक्टर, वाक्यंपण तीच आहेत." सर म्हणाले, टायपिंग करणाऱ्याने केलं असेल. त्यावर कुणी काही बोललं नाही.

फोनचा विषय निघाला. अध्यक्षबाईंनी विचारलं, "आमच्याकडे फोन का केला नाहीत?" मी सांगितलं, मागितला होता. "नंबर माहीत होता तुम्हाला?" मी म्हणून दाखवला. कोपऱ्यात बसलेल्या लिपिकाने मान वर केली आणि होकारार्थी हलवली.

आणि मग ते काळजीवाहक गृहस्थ पहिल्यांदा बोलले. "ताई, एक विचारू? तुम्ही आजारी होतात का?"

वकीलबाईंचं पेन थांबलं.

मी म्हणाले, "हो."

"तांब्या फेकलात तेव्हा ती मुलगी घाबरली होती?"

मी दादाकडे बघितलं. तो टेबलक्लॉथकडे बघत होता. "हो. घाबरली होती. रडली नाही. घाबरली होती."

खोलीत एक-दोन क्षण फक्त पंख्याचा आवाज. मग मानसोपचारतज्ज्ञांनी सूत्र हातात घेतलं. मला काय आजार आहे, औषध कशासाठी, न घेतलं तर काय होईल, इथून सोडलं तर मी काय करणार. नंतर कळलं की निर्णयक्षमता तपासायचे प्रश्न हेच असतात: माहिती समजते का, परिणाम कळतात का, निर्णय सांगता येतो का. मी सांगितलं, मैत्रिणीकडे राहीन. माझ्या डॉक्टरांची तारीख तिने घेऊन ठेवली आहे. पाच दिवसांनी पुन्हा लेव्हल करीन. झोप दोन रात्री सलग चार तासांच्या खाली गेली तर मी स्वतः दाखल होईन आणि तसं आत्ता लिहून देते. पुढे मी म्हणाले, "मला दाखल व्हायला लागलंही असतं कदाचित. पण त्या सकाळी मला कुणी विचारलं नाही. लॅबला जायचंय म्हणून सांगितलं. लॅब आठला उघडते."

दादा तेव्हा बोलला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. "विचारलं असतं तर आली असतीस का तू?"

खरं उत्तर मला आजही माहीत नाही. तेव्हा मी म्हणाले, "विचारायचं तरी होतंस, दादा."

संध्याकाळी आदेश आला. दोन पानी, मराठीत. दोन स्वतंत्र तपासण्या झाल्याचं दिसत नाही. मंडळाला मुदतीत कळवलेलं नाही. दाखल करण्याहून कमी बंधनाचा पर्याय तपासलेला नाही. आज रोजी अर्जदार स्वतःचे निर्णय घेण्यास सक्षम आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत सोडावं, पुढच्या उपचारांची आखणी माझ्याशी आणि माझ्या प्रतिनिधीशी बोलून करावी, फाइलची प्रत द्यावी, आणि मंडळाचा नंबर प्रत्येक वॉर्डात दिसेल असा लावावा. शेवटच्या वाक्यावर मैत्रीण फार खूश झाली. "कॅलेंडर काढावं लागणार आता त्यांना."

माझ्या वॉर्डात एक आजी होत्या. दर दिवाळीला मुलगा येतो, असं सांगायच्या. किती दिवाळ्या झाल्या ते त्यांना सांगता यायचं नाही. निघताना मी वकीलबाईंना त्यांचं सांगितलं. ठाण्याच्या मनोरुग्णालयात बारा वर्षं राहिलेल्या एका बाईंच्या निमित्ताने डॉ. हरीश शेट्टी मुंबई उच्च न्यायालयात गेले होते, ते तिला माहीत होतं. तिने आजींचं नाव वहीत लिहून घेतलं. अर्ज मंडळाकडे गेलाय. त्यांच्या बाबतीत अजून काही झालेलं नाही, कारण त्यांना घेऊन जाईल असं कोणी नाही. कायद्याने दार उघडतं, पण दाराबाहेर माणूस लागतो, आणि मला झेरॉक्सवाली होती.

दोन आठवडे मी तिच्या माळ्यावरच्या खोलीत राहिले. खाली दिवसभर मशीनचा खर्र-खर्र आवाज, मला छान झोप लागायची. तिसऱ्या दिवशी आई आली. बोलली काहीच नाही. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी दुसरी चप्पल काढून दाराशी ठेवली आणि चहा पिऊन गेली. वकीलबाई म्हणाल्या, रुग्णालयावर पुढची तक्रार करता येईल. करायची की नाही, ते माझं ठरत नाहीये. अ‍ॅडव्हान्स डायरेक्टिव्ह मात्र लिहिलं: मला कुठे न्यायचं, कुठे नाही, कुठलं इंजेक्शन चालत नाही, आणि मला न्यायचं असेल तर खरं सांगून न्यायचं.

दादाने आठ दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर रुग्णालयाच्या बिलाचा फोटो पाठवला. सोबत एक अक्षर नाही. खाट १९ दिवस, ४७,५००. डॉक्टरांच्या व्हिजिट ११,४००. औषधं-इंजेक्शनं ७,९६०. तपासण्या २,१५०. समुपदेशन चार वेळा, ३,२००. (एकदा झालं होतं, दहा मिनिटं.) पिकअप ९,०००. म्हणजे मला उचलून न्यायचे नऊ हजार. एकूण ८२,११०.

मी बिल दोनदा बघितलं. मग कागद घेऊन बेरीज केली. ८१,२१० येत होते. नऊशेचा फरक. फरकाला नऊने भाग गेला की समजावं, बहुधा कुठे तरी आकड्यांची अदलाबदल झालीये. चौतीस-त्रेचाळीसचंही तेच.

त्याला लिहिलं, "बेरीज चुकलीये. नऊशे परत माग."

पाच मिनिटांनी उत्तर आलं. "बघतो. गोळी घेतलीस?"

घेतली होती. कळवलं मात्र दुसऱ्या दिवशी.